लेआउटच्या मोकळ्या जागेला फाटक: नगरपरिषद असा करार करू शकते का?

प्रश्न – बाजारतळ

आमचे घर मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. १९८० च्या दशकात येथील शेतजमीन बिगरशेती होऊन लेआउट पडला आणि मंजूर रेखांकनात साधारण मधोमध एक मोकळी जागा सोडली गेली. तिच्याकडे पुढे कोणी फारसे लक्ष दिले नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती सगळ्यांची राहिली. सकाळी म्हातारी माणसे फेऱ्या मारायची, दुपारी मुले क्रिकेट खेळायची, उन्हाळ्यात बायका कुरडया-पापड वाळत घालायच्या, संध्याकाळी कोपऱ्यावर भेळेची गाडी लागायची आणि लग्नसराईत मांडव पडायचा. लेआउटच्या मागे मजुरांची वस्ती आहे. त्या घरांना अंगण नाही, त्यामुळे तिथली मुलेही येथेच खेळत.

काही वर्षांपूर्वी नगरपरिषदेने ठराव करून ही जागा ‘देखभाल व सुशोभीकरणासाठी’ एका मंडळाला दिली. प्रथम आमदार निधीतून आवारभिंत झाली, मग फाटक बसले, आणि त्यानंतर अर्ध्या भागावर जाळी लावून टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे खेळाचे मैदान, तयार झाले. ते आता तासाच्या भाड्याने मिळते. उरलेल्या भागात चालण्याची पट्टी आणि व्यायामाची साधने आहेत. तेथे मासिक पास लागतो. फाटक सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडते. वस्तीतली मुले आत शिरली की रखवालदार त्यांना बाहेर काढतो. भेळेची गाडी तर पहिल्याच महिन्यात हलवली गेली.

विचारायला गेलो, तर मंडळाचे पदाधिकारी शांतपणे सांगतात की जागा नगरपरिषदेचीच आहे, आम्ही फक्त सांभाळतो. नगरपरिषदेत विचारले, तर अतिक्रमण झालेलेच नाही, रीतसर ठराव आहे, असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे कागदावर कदाचित खरीही असतील. पण जागा विकली नाही, भाडेपट्टाही दिलेला दिसत नाही, आणि तरीही ती आमच्या हातून गेली, हे कायद्याच्या भाषेत मांडायचे कसे, ते कळत नाही. कोणत्या कागदापासून सुरुवात करावी आणि दाद कोणाकडे मागावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – जुना रेखाकार

माझी नोकरी नगररचना विभागात झाली, त्यामुळे आधी कागदांविषयी लिहितो. आपण ‘मोकळी जागा’ म्हणता, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा रस्ता निराळा आहे. विकास आराखड्यात खेळाचे मैदान किंवा उद्यान म्हणून आरक्षण असलेली जमीन वेगळी, मोठ्या लेआउटमधून प्राधिकरणाकडे सोपवायची सुविधा जागा (शाळा, दवाखाना अशा सोयींसाठीची) वेगळी, नगरपरिषदेने स्वतः संपादित वा खरेदी केलेली जमीन वेगळी, आणि लेआउट मंजूर करताना मालकाने सोडलेली खुली जागा वेगळी. आपल्या वर्णनावरून ही शेवटच्या प्रकारातली दिसते.

ही खुली जागा कोणाच्या मेहेरबानीने सुटलेली नसते. आजच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत (ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली) ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. त्याआधीच्या नियमांतही अशी तरतूद होतीच. त्या जागेची किंमत उरलेल्या प्लॉटच्या दरात मिळवलेली असते, म्हणजेच ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी तिचे पैसे तेव्हाच मोजलेले असतात. नियमावलीनुसार अशा जागेचा उपयोग रहिवाशांच्या सामाईक मनोरंजनासाठीच व्हायला हवा, आणि व्यायामशाळा, वाचनालय यांसारखे बांधकाम केलेच तर ते क्षेत्राच्या अगदी थोड्या टक्क्यांत बसले पाहिजे. व्यवसाय म्हणून चालवलेले टर्फ या चौकटीत कसे बसते, हा पहिला प्रश्न लेखी विचारावा.

आता मालकीविषयी. मराठवाड्यात, विदर्भात आणि खानदेशातही अनेक जुन्या लेआउटमध्ये असे आढळते की प्लॉट विकले गेले, परंतु खुल्या जागेचा सातबारा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहिला. नगरपरिषदेने ताबा घेतला नाही, फेरफार झाला नाही आणि पुढच्या पिढीतले वारस तीच जागा विकायला निघाले. म्हणून सर्वप्रथम सातबारा अथवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकनाची प्रत मिळवा. जागा मूळ मालकाच्या नावावर निघाली तरी घाबरू नका. दिल्लीच्या चेतराम वशिष्ठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले आहे की रेखांकनात उद्यान वा खुली जागा म्हणून दाखवलेली जमीन मालकाकडे राहिली, तरी तो ती समाजाच्या हितासाठी धारण करतो. आणि महापालिकेलाही ती फुकट आपल्या नावावर करून घेता येत नाही, तिच्याकडे लोकहितासाठी राखण्याची जबाबदारी असते. आपल्या बाबतीत या निकालाची दुसरी बाजू अधिक उपयोगी आहे. नगरपरिषद स्वतःच राखणदार असेल, तर तिने तिसऱ्याला प्रवेश नाकारण्याचा हक्क दिला कसा?

उलट जागा नगरपरिषदेच्याच नावावर असेल, तर महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ चे कलम ९२ पाहा. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्यासाठी शासनाची मंजुरी लागते. अल्प मुदतीच्या भाडेपट्ट्याला काही सवलत आहे. ही अट टाळण्यासाठीच आजकाल ‘भाडेपट्टा’ हा शब्द वापरला जात नाही. देखभाल करार, दत्तक योजना, लोकसहभाग, सुशोभीकरण असे मथळे दिले जातात. मथळ्याकडे न पाहता करारातली कलमे वाचा. मुदत किती आहे, शुल्क कोण ठरवतो, जमा झालेला पैसा कोणाच्या खात्यात जातो, फाटकाची किल्ली कोणाकडे आहे आणि करार मोडल्यास जागा परत कशी येते, एवढे पाहिले की तो देखभालीचा करार आहे की ताब्याचा, ते उघड होते.

माहिती अधिकारात केवळ प्रती मागू नका. मूळ संचिका पाहण्याचीही मागणी करा. ठरावाच्या मसुद्याखाली कार्यालयाने काय टिपणी लिहिली होती, हे संचिकेतच दिसते. मुख्याधिकाऱ्यांची किंवा नगररचनाकारांची प्रतिकूल टिपणी डावलून ठराव झाल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत.

उत्तर – मंडळाचा कार्यकर्ता

वरचे सगळे वाचले. मी दुसऱ्या गावी अशाच एका जागेची देखभाल करणाऱ्या मंडळात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

‘सगळ्यांची जागा’ हे ऐकायला बरे वाटते. आमची जागा सगळ्यांची होती तेव्हा तेथे राडारोडा टाकला जात होता, रात्री दारूच्या बाटल्या फुटत होत्या, मोकाट जनावरे बसत होती आणि संध्याकाळनंतर कोणतीही बाई तेथून जात नव्हती. नगरपरिषदेकडे माळी नव्हता, दिवे बसवले तर महिन्याभरात फुटत. आम्ही वर्गणी काढून कूपनलिका घेतली, झाडे लावली, रखवालदार ठेवला. त्याचा पगार, वीज आणि पाणी यांचा खर्च दर महिन्याला येतो. शुल्क घेऊ नका म्हणणाऱ्यांनी हा पैसा कोठून आणायचा तेही सांगावे. आणि फाटक रात्री बंद केले नाही तर झाडेही राहत नाहीत, हा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्यांच्या गावी टर्फचे भाडे कोण खाते ते मला माहीत नाही. तेथे गैरव्यवहार असेल तर तो उघड व्हावाच. मात्र देखभाल करणाऱ्या प्रत्येक मंडळाला बळकावणारा ठरवले, तर उद्या कोणी फावडे हातात घ्यायला पुढे येणार नाही. ‘वस्तीतली मुले’ याविषयीही थोडे स्पष्ट बोलतो. आम्हीही सुरुवातीला त्यांना अडवत होतो, कारण पास काढणाऱ्यांच्या तक्रारी येत. खेळाची वेळ ठरवून दिल्यावर तक्रारी थांबल्या. म्हणजे उपाय निघतो, पण तो मंडळाला काढू द्यावा.

उत्तर – दादरकर

कार्यकर्त्यांच्या शेवटच्या वाक्यावरच माझे बोट आहे. उपाय मंडळाने काढला, चांगला काढला. पण उद्या पदाधिकारी बदलले आणि त्यांनी तो मागे घेतला, तर त्या मुलांनी कोणाकडे जायचे? नगरपरिषद म्हणणार मंडळाला विचारा, मंडळ म्हणणार पासधारकांची सभा घेऊ. ज्या जागेवर जाण्यासाठी कोणाच्या भलेपणावर अवलंबून राहावे लागते, तिची झाडे कितीही हिरवी असली तरी ती सार्वजनिक उरलेली नसते.

मुंबईत हा खेळ आम्ही फार पूर्वीपासून पाहत आलो आहोत. महापालिकेने मैदाने व उद्याने आधी दत्तक आणि मग काळजीवाहू तत्त्वावर संस्थांना दिली, आणि काळजीवाहू प्रकारात तर भूखंडाच्या काही भागावर बांधकाम करण्याची मुभा होती. त्यातून काही ठिकाणी सभासदांपुरते क्लब उभे राहिले, ज्यांच्या प्रवेश शुल्कात एखाद्या सामान्य कुटुंबाचे वर्षाचे किराणा सामान येईल. दोनशेहून अधिक भूखंड अशा रीतीने संस्थांकडे होते. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेत पुन्हा असेच धोरण मंजूर झाले, तेव्हा नागरिकांनी एवढा आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करून भूखंड परत घेण्यास सांगावे लागले. परत घेण्याचे काम सरसकट झाले नाही. ज्या संस्थांमागे कोणी वजनदार नव्हते त्यांचे भूखंड लवकर आले, आणि ज्या क्लबांवरून ओरड झाली होती त्यांतले काही मात्र रेंगाळले. हेच धोरण २०२३ मध्ये नव्या मसुद्याच्या रूपाने पुन्हा पुढे आले आणि पुन्हा विरोध झाला. पुण्यातही २०२१ साली महापालिकेच्या स्थायी समितीने सुविधा जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता आणि तेथेही लोक रस्त्यावर आले होते. तिजोरीत खडखडाट झाला की पहिली नजर मोकळ्या जागेकडे जाते, कारण तिच्यावर कोणाचा रोजचा धंदा चालत नसतो आणि म्हणून ती ‘रिकामी’ दिसते.

तरीही रहिवाशांनी देखभाल करणे हाच दोष आहे असे मी म्हणणार नाही. ओव्हल मैदानाची दुरवस्था पाहून तेथील रहिवाशांच्या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि मैदान सावरले. तेथे कुंपण आहे, फाटके आहेत. पण चर्चगेटकडून उच्च न्यायालयाकडे जाणारी माणसे आजही मैदानातल्या वाटेने सरळ आरपार जातात. पास कोणी मागत नाही. म्हणून कुंपण दिसले की लगेच बोंब मारू नये. आत जाताना आपल्याला काही दाखवावे लागते का, हे पाहावे.

एक अवांतर: मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांना समुद्रालगतच्या जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, समाजनिहाय, सरकारनेच दिल्या. त्यामुळे हे सगळे उदारीकरणानंतर सुरू झाले अशी जी मांडणी नेहमी केली जाते, ती मला पटत नाही. तेव्हा जात-धर्म पाहून दार उघडे, आता पावती पाहून उघडते.

उत्तर – थेम्सकाठचा

मी कोल्हापूरचा, सध्या लंडनमध्ये असतो. येथे अनेक चौक दिसायला सार्वजनिक आहेत, पण ते कंपन्यांच्या मालकीचे आहेत. २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय’ चळवळीतल्या आंदोलकांना शेअर बाजारासमोरच्या पॅटरनॉस्टर चौकात बसायचे होते, तेव्हा मालकांनी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला आणि ती मंडळी शेजारी सेंट पॉल कॅथेड्रलसमोर तंबू ठोकून बसली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये झुकोटी पार्कात नेमके उलटे घडले. तो चौकही खासगीच, पण जादा बांधकामाची परवानगी मिळवताना तो चोवीस तास खुला ठेवण्याची अट मालकाने स्वीकारलेली असल्यामुळे आंदोलकांना जवळजवळ दोन महिने तेथे राहता आले. ते हटवले गेले ते आरोग्य आणि स्वच्छतेचे कारण पुढे करून. मालकी दोन्हीकडे खासगीच होती. फरक पडला तो लिहून घेतलेल्या अटीमुळे. दादरकरांचा मुद्दा मला म्हणूनच पटतो. आपल्याकडे मालकी नगरपरिषदेची आहे, पण अट लिहिलेली नाही.

येथे किंग्ज क्रॉसच्या नव्या परिसरात चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरले जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. लोकांना तोवर तो साधा रस्ता वाटत होता.

प्रश्नकर्ता – बाजारतळ

सर्वांचे आभार. सातबारा काढला, जागा नगरपरिषदेच्याच नावावर आहे. करार ‘देखभाल’ या मथळ्याचा आहे, मुदत लिहिलेली आहे पण ‘परस्पर संमतीने वाढवता येईल’ असेही कलम आहे, आणि शुल्क ठरवण्याचा अधिकार मंडळाला दिलेला आहे. टर्फचा उल्लेख कोठेच नाही. दोन शंका उरल्या आहेत. करार रद्द करा अशी मागणी केली, तर लेआउटमधलेच बरेच रहिवासी विरोधात जातील, कारण त्यांना स्वच्छ बाग आवडते आणि वस्तीतली मुले आत नकोच आहेत. शिवाय आमच्याविरुद्ध असा युक्तिवाद झाला आहे की खुली जागा नियमाप्रमाणे लेआउटच्या रहिवाशांसाठी असते, वस्तीतल्यांसाठी नाही. याला उत्तर काय?

उत्तर – जुना रेखाकार

दुसरी शंका आधी. जागा नगरपरिषदेकडे निहित झाली, म्हणजे कायद्याने तिच्याकडे आली, तिच्यावर आमदार निधीतून भिंत बांधली गेली, म्हणजे सार्वजनिक पैसा खर्च झाला. त्यानंतर ‘ही फक्त आमच्या प्लॉटधारकांची’ असे म्हणता येत नाही. तसे म्हणायचे असेल तर टर्फवर बाहेरगावचे संघ पैसे भरून कसे खेळतात, हेही त्यांना सांगावे लागेल. पैसे भरणारा परका चालतो आणि शेजारचे मूल चालत नाही, ही विसंगती अर्जात ठळकपणे मांडा. न्यायालयांची दृष्टीही येथे आपल्याच बाजूची आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप रद्दबातल ठरवले. लखनऊच्या अमीनाबादमधील झंडेवाला पार्काखाली महापालिकेनेच एका बांधकाम कंपनीशी करार करून भूमिगत बाजार उभारायला घेतला होता. १९९९ मध्ये न्यायालयाने ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करायला लावले. तेथेही ‘रीतसर ठराव’ होताच.

पहिल्या शंकेबाबत माझे मत असे की सुरुवातीलाच करार रद्द करण्याची मागणी करू नका. मुदतवाढ येण्याआधी सुधारित करार मागा: दिवसभर विनाशुल्क प्रवेश, फाटक फक्त रात्री बंद, टर्फला नियमानुसार परवानगी असल्यास तिची प्रत अन्यथा ते काढून टाकणे, मुलांच्या खेळासाठी राखीव वेळा, जमाखर्च फाटकावरच्या फलकावर, आणि ‘परस्पर संमतीने’ मुदतवाढीचे कलम वगळणे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विचारलेल्या खर्चाचे उत्तरही त्यातच द्या. रखवालदार व वीज यांचा भार नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात दाखवायला सांगा, ती काही मोठी रक्कम नाही. या मागण्यांवर लेआउटमधल्या बागप्रेमी रहिवाशांच्याही सह्या मिळतात, आणि वस्तीतल्या पालकांच्या सह्या वेगळ्या कागदावर नव्हे, त्याच कागदावर घ्या.

मुख्याधिकाऱ्यांनी अर्ज दाबून ठेवला, तर अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जासोबत मंजूर रेखांकन, ठराव, करार आणि टर्फच्या भाड्याची एखादी पावती जोडा. पावती मिळवण्यासाठी कोणाला तरी एकदा पैसे भरून खेळावे लागेल, तेवढा खर्च करा. माझ्या पाहण्यात अशा प्रकरणांत सगळ्यात लवकर परिणाम त्याच कागदाचा होतो.